विजेनें चांचपणारा मासा

दादरला माझा एक भाचा राहतो. त्याच्या बैठकीच्या खोलींत कांचेचा एक मोठा हौद असून त्यांत नाना रंगांचे मासे सोडलेले आहेत. गेल्या दिवाळींत मी त्याच्याकडे गेलों, तेव्हां त्याच्या आठ वर्षांच्या मुलीनें मला हाताला धरून हौदापाशीं नेलें आणि म्हटलें, "मामाआजोबा, यांत एक भूत आहे. ओळखा पाहूं कोणतें!"

मीं पुष्कळ वेळ निरखून पाहिलें. तांबडे, सोनेरी, पट्टेदार मासे दिसले. भूत कांहीं दिसेना. मग तिनें तळाशीं आडव्या पडलेल्या एका कांचेच्या नळीकडे बोट दाखविलें. नळींत वीतभर लांबीचा, काळाकुट्ट, सुरीच्या पात्यासारखा चपटा मासा निश्चल पडून होता. शेपटीवर दोन पांढरीं कडीं, आणि कपाळावरून पाठीकडे गेलेली एक पांढरी रेघ. मुलीनें बाही वर सारून पाण्यांत हात घातला आणि नळी हळूच पुढें सरकविली. मासाहि नळीबरोबर पुढें सरकला. तिनें नळी मागें ओढली. तेव्हां तो मुळींच न वळतां, शेपूट पुढें करून, नेमका तितकाच मागें आला. नळीच्या कडेला त्याचें अंग कोठें लागलें नाहीं. "याला मागच्या बाजूला डोळे आहेत का हो?" तिनें विचारलें. या प्रश्नाचें उत्तर त्या दिवशीं माझ्याकडून अर्धेंच दिलें गेलें. आज तेंच जरा विस्तारानें आपल्यापुढें मांडणार आहें.

माशांचे व्यापारी या माशाला 'काळें भूत' म्हणतात. शास्त्रज्ञांनीं दिलेलें नांव अ‍ॅप्टेरोनोटस अल्बिफ्रॉन्स, म्हणजे पाठीवर पर नसलेला, पांढऱ्या कपाळाचा. त्याचें मूळ घर दक्षिण अमेरिकेंतील अ‍ॅमेझॉन व ओरिनोको या महानद्यांचें खोरें. त्याच्या गणांतील दोनशेंहून अधिक जाती आजवर ठाऊक झाल्या असून मेक्सिकोच्या दक्षिण भागापासून अर्जेंटिनापर्यंतच्या नद्यांत त्या पसरलेल्या आहेत. समुद्रांत मात्र त्यांतील एकहि जात राहत नाहीं. त्यांच्या आकारावरून त्यांना सुरीमासे म्हणण्याचा प्रघात आहे. बहुतेक सारे निशाचर. दिवसा मुळ्यांच्या जाळ्यांत वा पालापाचोळ्यांत दडून बसावें आणि रात्रीं गढूळ पाण्यांत भक्ष्य शोधीत हिंडावें, असा त्यांचा क्रम. डोळे आहेत, पण अंधारांत व गाळांत त्यांचा उपयोग तो किती असणार!

या कुळांतील एक नातलग मात्र जगप्रसिद्ध आहे. ती म्हणजे विजेची वाम. दिसायला वामेसारखी म्हणून तिला हें नांव पडलें. खऱ्या वामेशीं तिचें नातें दूरचें असून ती या सुरीमाशांचीच बहीण होय. इ. स. १८०० मध्यें हुंबोल्ट या जर्मन प्रवाशानें व्हेनेझुएलांत तिला पकडण्याची एक विलक्षण रीत पाहिली. तेथील लोकांनीं तळ्यांत घोडे हांकले, वामांनीं आपली सारी वीज त्या बिचाऱ्या घोड्यांवर खर्चिली, आणि त्या थकल्यावर मग माणसांनीं त्यांना बाहेर ओढलें. त्याच सालीं इटलींत व्होल्टा यानें विजेची पहिली बॅटरी जगापुढें आणली, आणि तिची रचना करतांना त्यानें विजेच्या माशांच्या अंगांतील चकत्यांच्या थरांचाच कित्ता गिरविला होता. इ. स. २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून या वामेच्या तीन जाती असल्याचें ठरलें. त्यांपैकीं जिला व्होल्टाचें नांव दिलें आहे तिचा झटका ८६० व्होल्ट भरला. आपल्या घरांतील दिव्यांना २३० व्होल्ट पुरतात.

वामेचें कोडें तसें सोपें आहे. झटका देऊन भक्ष्य बधिर करावें, शत्रूला पळवावें. खरी पंचाईत आहे ती आमच्या काळ्या भुताची. त्याच्याहि शेपटींत विजेचें इंद्रिय आहे. परंतु त्याची वीज एक व्होल्टहि भरत नाहीं. पाण्यांत हात घातलेल्या त्या मुलीला ती जाणवली नाहीं, कोणालाच जाणवणार नाहीं. अशा दुबळ्या विजेचा माशाला उपयोग काय? डार्विननें इ. स. १८५९ च्या आपल्या ग्रंथांत माशांच्या विजेच्या इंद्रियांची गणना आपल्या उपपत्तीपुढील खास अडचणींत केली होती. कोणतेंहि इंद्रिय टप्प्याटप्प्यानें वाढत आलें असें म्हणावयाचें, तर त्याचा पहिला दुबळा टप्पादेखील धन्याच्या कांहीं तरी कामीं आला पाहिजे. ज्या विजेनें पाणपिसूहि मरत नाहीं ती निसर्गानें पिढ्यान् पिढ्या जपून कां ठेवावी? डार्विननें ही अडचण झांकून ठेवली नाहीं; पण उत्तर त्याच्यापाशीं नव्हतें. तें मिळावयास जवळ जवळ शंभर वर्षें लागलीं.

उत्तर सांपडलें तें केंब्रिजच्या हान्स लिस्मान यांना, आणि तें एका आफ्रिकन माशांत. नाईल नदींत जिम्नार्कस नांवाचा एक लांबट मासा असतो. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लिस्मान यांनीं तो मागें मागें पोहतांना व मागच्या अडथळ्यांना अचूक चुकवितांना पाहिला. आमच्या मुलीला पडला तोच प्रश्न त्यांना पडला. फरक इतकाच कीं ते तो घेऊन प्रयोगशाळेंत गेले. पाण्यांत तारा सोडून पाहतां माशाच्या शेपटीकडून सेकंदाला सुमारें तीनशें ठोके या गतीनें विजेचा मंद, अखंड झरा वाहत असल्याचें आढळलें. इ. स. १९५१ मध्यें 'नेचर' पत्रांत त्यांनीं हें प्रसिद्ध केलें.

पुढें सन १९५८ मध्यें लिस्मान व त्यांचे सहकारी मेचिन यांनीं जो प्रयोग वर्णिला आहे, तो मला फार आवडतो, कारण त्याला लागणारें साहित्य म्हणजे जवळ जवळ आपला माठच. सच्छिद्र मातीचीं दोन सारखीं भांडीं त्यांनीं पाण्यांत ठेवलीं. अशा भांड्याच्या भिंती पाण्यानें भिजल्या कीं वीज त्यांतून आरपार जाते, परंतु आंत काय आहे तें डोळ्यांना दिसत नाहीं. एका भांड्यांत हौदाचेंच पाणी भरलें आणि दुसऱ्यांत ऊर्ध्वपातित पाणी, ज्यांतून वीज फार कष्टानें वाहते. पहिल्या भांड्यापाशीं गेल्यास खाऊ मिळतो, हें माशाला शिकविलें. मग भांड्यांच्या जागा कितीहि बदलल्या तरी मासा चुकेना. शेवटीं पाण्याच्या भांड्यांत दोन मिलिमीटर जाडीची कांचेची काडी घातली, तर तीहि त्यानें बाहेरून ओळखली! डोळ्यांनीं, वासानें, स्पर्शानें हें शक्य नाहीं. मासा विजेनें पाहत होता.

हें 'पाहणें' घडतें तरी कसें? माशाची शेपूट आणि डोकें हीं जणू एका बॅटरीचीं दोन टोकें. शेपटींतून निघालेली वीज भोंवतालच्या पाण्यांतून वळसे घेत डोक्याकडे येते आणि माशाभोंवतीं तिचें एक अदृश्य कवच तयार होतें. या कवचांत एखादा किडा शिरला, तर त्याचें अंग गोड्या पाण्यापेक्षां वीज अधिक सुलभतेनें वाहूं देतें. म्हणून विजेच्या रेषा त्याच्याकडे ओढल्या जातात व माशाच्या कातडीवर त्या जागीं विजेचा एक उजळ ठिपका पडतो. उलट दगड असला तर रेषा त्याला वळसा घालतात आणि कातडीवर त्याची सांवली पडते. हे ठिपके टिपणारीं सूक्ष्म इंद्रियें कातडीभर विखुरलेलीं असतात. काळ्या भुताच्या अंगावर तीं सुमारें चौदा हजार असून डोक्याकडे त्यांची दाटी अधिक आहे. एका पाणपिसवेमुळें कातडीवर पडणारा फरक एका व्होल्टच्या दशलक्षांश भागाएवढा असला तरी तो त्यांच्या नजरेंतून सुटत नाहीं. म्हणजे हा मासा दिवाहि आपणच आणि डोळाहि आपणच!

मार्क नेल्सन व माल्कम मॅकआयव्हर या अमेरिकन संशोधकांनीं मिट्ट काळोखांत, माशाला न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडील प्रकाशांत, त्याच्या शिकारीचीं चलच्चित्रें घेतलीं. मासा डोकें किंचित् खालीं करून पुढें जातो. भक्ष्य तोंडासमोर यावें अशी त्याला गरज नसते; तें पाठीजवळून, दोन-तीन सेंटिमीटरांवरून जात असलें तरी पुरे. त्याची चाहूल लागतांच तो एकदम उलट दिशेनें मागें येतो, आणि जें पाठीपाशीं होतें तें तोंडापाशीं आलेलें असतें. म्हणून मुलीला द्यावयाचें उत्तर असें: मागें डोळे नाहींत, पण सारें अंगच डोळा आहे, आणि ज्याला चोहोंकडे दिसतें त्याला चोहोंकडे जातांहि आलें पाहिजे.

या 'जातां येण्या'कडे वळण्यापूर्वीं एक गंमत सांगितल्यावांचून राहवत नाहीं, कारण ती रेडिओच्या श्रोत्यांनाच नीट कळेल. प्रत्येक सुरीमाशाचा विजेचा एक ठरावीक स्वर असतो. कांचेसारखा पारदर्शक दिसणारा आयगेनमानिया सेकंदाला सुमारें २५० ते ६०० आंदोलनें करतो, म्हणजे आपल्या बाजाच्या पेटीचें मधलें सप्तक. काळें भूत हजाराच्या आसपास, पांढरी एकपासून दोन सप्तकें वर. हा स्वर रात्रंदिवस थांबत नाहीं, आणि दोन ठोक्यांमधील अंतर सेकंदाच्या दशलक्षांशानेंहि ढळत नाहीं. आतां समजा, जवळ जवळ एकाच स्वराचे दोन मासे शेजारीं आले. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा नीट लागल्या नसल्या म्हणजे जो हेलकावा ऐकूं येतो तोच येथें विजेंत उठतो, आणि दोघांचीहि दृष्टि धूसर होते. मध्यम लहरींवर दोन केंद्रें एकमेकांत मिसळलीं म्हणजे आपली जी गत होते तीच. सन १९६३ मध्यें वाटानाबे व ताकेडा या जपानी संशोधकांना दिसलें कीं अशा वेळीं मासे आपापला स्वर बदलतात: ज्याचा वरचा तो आणखी चढवितो, ज्याचा खालचा तो आणखी उतरवितो, आणि दोघेहि निर्वेधपणें आपल्या कामाला लागतात. आपला स्वर वरचा कीं खालचा हें माशाला कळतें कसें, याचा उलगडा करण्यांत कॅलिफोर्नियांतील स्क्रिप्स संस्थेंत वाल्टर हायलिगेनबर्ग यांनीं अनेक वर्षें घालविलीं. मासा आपल्या मनांतील मूळ स्वराशीं तुलना करीत नाहीं. कातडीवर निरनिराळ्या ठिकाणीं दोन स्वरांचें जें कमीअधिक मिश्रण होतें, त्यावरूनच मेंदू निर्णय करतो. एका प्राण्याच्या वागणुकीचा धागा कातडीपासून मेंदूंतील पेशींपर्यंत इतका सलग क्वचितच कोणी उकलला असेल.

आतां पोहण्याविषयीं. आपले नेहमीचे मासे अंग वळवून शेपटीचे फटकारे मारतात. सुरीमाशानें तसें केलें तर विजेचें सारें कवचच हिंदकळेल. म्हणून तो अंग ताठ ठेवतो, आणि पोटाखालीं गळ्यापासून शेपटीपर्यंत गेलेल्या एका लांब, झालरीसारख्या परावर सर्व काम चालवितो, असें लिस्मान यांनीं सुचविलें. जिम्नार्कसहि अंग ताठच ठेवतो. त्याची झालर मात्र पाठीवर आहे. दोघांचीं कुळें निराळीं, खंडें निराळीं, आणि युक्ति एकच! पण लिस्मान यांच्या तर्कांत थोडी सावधगिरी हवी. बंगाली माणूस ज्याच्यावर जीव टाकतो तो चितळ मासा अगदीं याच घाटाचा आहे, तोहि तशीच झालर हलवीत पोहतो. आणि त्याच्या अंगीं वीज मुळींच नाहीं. तेव्हां झालरीचे फायदे विजेवांचूनहि असले पाहिजेत.

ते कोणते, हें जाणण्यासाठींच यंत्रें तयार झालीं. यंत्रमानव हा शब्द येथें शोभत नाहीं. यंत्रमत्स्य म्हणूं या. काळ्या भुताच्या झालरींत छत्रीच्या काड्यांप्रमाणें सुमारें दीडशें काड्या असतात आणि प्रत्येक काडी दोन्ही बाजूंच्या स्नायूंनीं स्वतंत्रपणें हलते. त्यामुळें झालरीवरून लाट धांवते. लाट डोक्याकडून शेपटीकडे गेली कीं मासा पुढें; शेपटीकडून डोक्याकडे गेली कीं मागें. वळावयास नको, थांबावयास नको. मॅकआयव्हर, हार्वर्डचे जॉर्ज लॉडर व त्यांचे सहकारी यांनीं इ. स. २०११ मध्यें ज्या यंत्रमत्स्याचें वर्णन प्रसिद्ध केलें त्याला ३२ काड्या, प्रत्येक काडीला एक मोटर आणि वर ताणल्या जाणाऱ्या कापडाची झालर होती. खरा मासा कधीं कधीं दोन्ही टोकांकडून एकाच वेळीं लाटा सोडतो व त्या मध्यें येऊन भिडतात, हें त्यांनीं पाहिलें होतें. तेंच यंत्राकडून करविलें, तों यंत्र सरळ वर उठलें. पाण्यांत बारीक कण सोडून लेसरच्या प्रकाशांत पाहिलें तेव्हां उकल झाली: भिडलेल्या दोन प्रवाहांना पुढेंमागें वाट उरत नाहीं, ते एकत्र होऊन खालीं सुटतात आणि यंत्राला वर रेटतात.

समोरासमोर ढकलणाऱ्या या लाटांत शक्ति फुकट जाते, असें कोणाहि इंजिनिअरला वाटेल. मलाहि तसेंच वाटलें होतें. परंतु जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांतील नोआ कावन व त्यांचे सहकारी यांनीं इ. स. २०१३ मध्यें दाखविलें कीं या उधळेपणांतच शहाणपण आहे. ताक घुसळणारी बाई रवीची दोरी दोन्ही हातांनीं ताणून धरते. एक हात सैल सोडला तर रवी भलतीकडे जाते. त्याप्रमाणें दोन लाटा जेथें भिडतात ती जागा किंचित् पुढें वा मागें सरकविली कीं मासा तितकाच हलतो, आणि पाण्याचा धक्का आला तर तोच ताण त्याला स्थिर ठेवतो. स्थिर वाहन वळवावयास अवघड, आणि चपळ वाहन स्थिर ठेवावयास अवघड, ही यंत्रशास्त्रांतील जुनी तडजोड येथें करावीच लागत नाहीं. हे प्रयोग त्यांनीं आयगेनमानियावर व एका यंत्रमत्स्यावर केले, आणि माशावरील प्रयोगाची रीत म्हणाल तर नळी हलवावयाची आणि मासा तिच्याबरोबर कसा हलतो तें पाहावयाचें! पुढें सन २०१५ मध्यें मॅकआयव्हर व नीलेश पाटणकर यांच्या मंडळींनीं बावीस प्रकारच्या जलचरांच्या झालरी मोजल्या. लाटेची लांबी ही तिच्या डावी-उजवीकडील झोक्याच्या सुमारें वीसपट असते, हें प्रमाण माशांत, माकुळांत, चपट्या कृमींतहि सारखेंच निघालें. आणि गणिताप्रमाणें सर्वांत अधिक रेटा त्याच प्रमाणाला मिळतो.

ही सारी खटपट कशासाठीं, असें कोणी विचारील. एप्रिल २०१० मध्यें मेक्सिकोच्या आखातांत एका तेलविहिरीवर स्फोट होऊन अकरा माणसें दगावलीं. सुमारें दीड किलोमीटर खोलीवर फुटलेलें तिचें तोंड बंद करण्यास ८७ दिवस लागले. तेथें माणूस उतरूं शकत नव्हता. पंख्यांनीं चालणारीं यंत्रेंच काम करीत होतीं, आणि अशीं यंत्रें तळाचा गाळ उसळवितात, दोरांत गुंततात. आपल्याकडचीहि आठवण ताजी आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूल पुरांत वाहून गेला, आणि त्याबरोबर दोन एस्. टी. गाड्या माणसांसकट गेल्या. नदी तांबड्या पाण्यानें दुथडी भरलेली. पाणबुड्याला स्वतःचा हात दिसेना. शेवटीं क्रेनला मोठें लोहचुंबक बांधून तें पाण्यांत सोडण्यांत आलें, आणि तरीहि शोध कित्येक दिवस चालला. काठावर घरचीं माणसें बसून होतीं. ज्यानें ती वाट पाहिली आहे, त्याला गढूळ पाण्यांत जवळची वस्तु ओळखणारें यंत्र ही चैन वाटणार नाहीं.

असें यंत्र आज तयार आहे, असें मात्र मी सांगणार नाहीं. सोलबर्ग, लिंच व मॅकआयव्हर यांनीं इ. स. २००८ मध्यें विजेच्या संवेदनेनें हौदांतील वस्तूची जागा शोधणारें यंत्र दाखविलें. युरोपांत सन २००९ पासून चाललेल्या एका योजनेंत वामेसारखा, विजेनें चांचपणारा यंत्रमत्स्य तयार झाला. पण विजेच्या या कवचाचा जोर अंतराबरोबर फार झपाट्यानें ओसरतो. माशाला त्याच्या अंगाच्या लांबीपलीकडचें फारसें कळत नाहीं आणि यंत्राचीहि तीच गत. खाऱ्या पाण्यांत अडचण आणखी वाढते. दूरचें ओळखण्यास ध्वनि, अगदीं जवळचें चांचपण्यास वीज, आणि पाणी न गढुळतां सरकण्यास झालर, अशी जोडणी करावी लागेल असें मला वाटतें.

हें सारें ऐकल्यावर माझ्या भाच्यानें एक उद्योग केला. हौदाच्या दोन टोकांना दोन तारा बुडवून त्यानें त्या ध्वनिवर्धकाला जोडल्या, आणि खोलीभर एक बारीक, सरळ स्वर घुमूं लागला. मुलीनें पेटी काढून तो जुळवून पाहिला व पट्टीवर खडूची खूण केली. जानेवारींत एके दिवशीं सकाळीं तिचा मला दूरध्वनि आला: "मामाआजोबा, भूत खालच्या पट्टींत गातें आहे." पाणी थंड झालें कीं या माशांचा स्वर उतरतो, तीन अंशांच्या फरकानें तो जवळ जवळ एका पूर्ण स्वरानें खालीं येतो. पाणी ऊन ठेवणारी विजेची कांडी रात्रीं बंद पडली होती, आणि घरांत तें दुसऱ्या कोणाच्या ध्यानांतहि आलें नव्हतें.